काढलेलं पाणी

आवाज थांबला तेव्हा मी रिकाम्या बादल्या एकात एक घालून ठेवत होतो. फवारणीचं विमान नुकतंच मुरमाच्या पट्टीवरून उठलं होतं, बाभळींच्या वर गेलं होतं, आणि

आणि पुढे काही नाही. आवाजच नाही.

नाही, आधी खोकला आला. दोनदा बारीक, तिसऱ्यांदा मोठा. मग वारा ऐकू आला. विमानाच्या अंगावरून जाणारा वारा. तीन आठवडे तो इंजिनाखाली दबलेला होता, त्यामुळे हा कसला आवाज ते मला कळेना. विमान अजून वरच होतं. मला वाटलं, कॅप्टन सुलाखे काहीतरी गंमत करताहेत. ते करायचे.

मग विमानाच्या पोटातून पांढरी धार सुटली. चारशे लिटर औषध, सगळं एकदम. पहाटे मीच कालवलेलं. हे एका जागी कशाला ओतताहेत, ते तर गिरजाबाई ढोकेंचं वावर आहे, तिथं कालच मारून झालं, असं काहीबाही माझ्या डोक्यात आलं. वजन कमी करायला सोडलं होतं. हे मला दुसऱ्या दिवशी कुणीतरी समजावून सांगितलं.

मग विमान पऱ्हाटीत, उभ्या कपाशीत, उतरलं. 'उतरलं' म्हणतो, कारण अहवालात तोच शब्द आहे. चाकं पहिल्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागली आणि तिथंच राहिली. विमान पोटावर घसरत गेलं. डावा पंख मागे पडला, उजवा वाकला, आणि शेवटी नाक मातीत खुपसून, शेपूट वर करून ते उभं राहिलं.

मी पळालो. किती पळालो आठवत नाही. पोचलो तेव्हा कॅप्टन धुऱ्यावर बसले होते. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. कपाळातून रक्त येत होतं.

"कॅप्टन, लागलं का?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तायडे, तुम्ही बादली का आणलीत?"

माझ्या हातात बादली होती.

"आग लागली तर, म्हणून."

"रिकामी आहे."

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि दुसरा बूट कुठं गेला ते शोधायला लागले.

गिरजाबाई तीन बायकांना घेऊन आल्या. सगळ्यांच्या हातात खुरपी, अंगावर औषधाचे पांढरे शिंतोडे. त्या पलीकडच्या पट्ट्यात निंदत होत्या.

"माह्या पऱ्हाटीत कोण उतरलं हे?"

"कॅप्टन साहेब आहेत, बाई."

"ते दिसून राह्यलं मले. जित्ते आहेत ना?"

"आहेत."

"मंग उठवा त्याईले तिथून. गोम निंगते त्या धुऱ्यात."

"तुम्ही आधी विहिरीवर जाऊन अंग धुवा. विष आहे ते."

"जातो ना बाप्पा. पाहू तं द्या."

दोन्ही पंखांतल्या टाक्या फुटल्या होत्या. पेट्रोल वाहत होतं आणि वाहता वाहता नाहीसं होत होतं. काळी माती फार पिते. पुढे तपासायला चमचाभरसुद्धा मिळालं नाही.

सगळ्यात शेवटी हळदणकर आले. हळदणकर म्हणजे विमानाचे मेकॅनिक. तीन दिवस हिवतापानं तंबूत पडलेले. अंगावर घोंगडी, पाय अनवाणी. ते कॅप्टनकडे गेलेच नाहीत. थेट पंखापाशी बसले, मातीत बोटं घातली, वास घेतला. मग मान वळवून मला म्हणाले,

"तायडे, पाणी काढलेलं ना?"

"काढलं होतं."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

त्यांनी घोंगडी आवळून घेतली. दात वाजत होते.

"मग ह्याला झालं काय?" त्यांनी विचारलं. मला नाही, विमानाला.

*

हे मधूनच सुरू झालं. मी कोण ते सांगायचं राहिलं.

मी कृषी सहायक. त्या वर्षी कपाशीवर अळी फार होती, म्हणून सरकारनं मुंबईच्या एका खाजगी कंपनीचं विमान लावलं होतं. वाघजाळीच्या माळावर मुरूम टाकून पट्टी केली, शेजारी चार तंबू. विमान उडवायचं काम कॅप्टन सुलाख्यांचं, विमान उडण्यालायक ठेवायचं हळदणकरांचं, आणि औषधाचं माझं: पाणी आणायचं, औषध कालवायचं, गाळायचं, विमानाच्या पंखावर चढून त्याच्या पोटात भरायचं.

हळदणकर मालवणकडचे. मला 'तायडे साहेब' म्हणायचे, त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला कधी कळलं नाही. त्यांचा एक नियम होता. रोज सकाळी ते एका छापील कागदावर सही करायचे, आणि ती सही झाल्याशिवाय विमान हलायचं नाही.

त्या सकाळी ते तापात. त्यांचा जोडीदार अकोल्याला गेला होता, आमच्या विहिरीवरच्या पंपाचा पट्टा आणायला; पंपही हे दोघंच बघायचे. पहिल्या एस.टी.नं येणार होता. आला नाही. सव्वासहाला कॅप्टन कागद घेऊन तंबूपाशी उभे राहिले. मी चार पावलांवर होतो. आतून आवाज आला,

"पाणी काढलं का रे?"

"काढलं," मी म्हणालो.

तंबूच्या फटीतून हात बाहेर आला. कॅप्टननी त्यात कागद आणि पेन दिलं. हात आत गेला, सही होऊन बाहेर आला.

इतकंच. घडलं ते सगळं एवढंच. बाकीचं त्यातून निघालं.

*

चौथ्या दिवशी मुंबईहून विमान खात्याचे टिपणीस साहेब चौकशीला आले. तालुक्याच्या विश्रामगृहात टेबलावर टाइपरायटर, शेजारी थर्मास. पहिला जबाब माझा.

"त्या सकाळी पाणी काढलं होतं?"

"हो."

"कोणी?"

"मी."

"हळदणकरांनी का नाही?"

"त्यांना ताप होता. तंबूतून उठवत नव्हतं."

"कसं आलं पाणी?"

"आधी जरा गढूळ. मग स्वच्छ."

"स्वच्छ येईपर्यंत थांबलात?"

"थांबलो ना. गढूळ कसं चालेल साहेब? पुढे बारीक भोकं असतात. तुंबतात."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. चेहरा खूश झाला होता.

"शेतीखात्याचा माणूस, पण माहिती बरीच ठेवता."

"तीन आठवडे हेच करतोय, साहेब."

त्यांनी इंग्रजीत टाइप केलं. मी वाचलं. पाणी होतं, माझं नाव होतं, सकाळ होती. सही केली.

मग कॅप्टन आत गेले. मी व्हरांड्यात बाकावर बसलो. खिडकी उघडी होती.

"इंजिन कसं थांबलं?"

"खोकलं. पाणी गेल्यासारखं."

"पाणी नव्हतं. पाणी काढल्याचा जबाब आहे."

"कोणाचा?"

"तायड्यांचा."

आत खुर्ची करकरली. मग कॅप्टन म्हणाले, "मग ते नसेल. तायडे खोटं बोलत नाहीत."

मी बाकावर सरळ बसलो. मला बरं वाटलं. हे सांगायला हवं, की मला बरं वाटलं.

"पेट्रोलची तोटी डावीकडे सापडली," टिपणीस म्हणाले.

विमानाला पेट्रोलच्या दोन टाक्या, दोन पंखांत दोन. मधे एक तोटी, ती वळवाल त्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला जातं. आदल्या संध्याकाळी ड्रम संपत आले होते म्हणून फक्त उजवी टाकी भरली होती. डावीत आदल्या दिवशीचं उरलेलं होतं.

"डावीत किती होतं?"

"पुरेसं होतं. काटा पाहिला होता मी."

"कुठं होता काटा?"

"अर्ध्याच्या जरा खाली."

"पाहिला होता, की पाहिला असेल?"

पंखा फिरत होता. थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

"पाहिला होता," कॅप्टन म्हणाले. पण वेळ लागला.

शेवटी गिरजाबाई. त्यांनी त्या दिवशी नवं लुगडं नेसलं होतं.

"लय चांगला माणूस. रोज वरून आम्हाले हात करते. त्या दिवशीबी केला. आम्हीबी केला."

"उडतानाच?"

"मंग काय उतरून करन का?"

टाइपरायटर बराच वेळ वाजला. बाहेर येऊन गिरजाबाई मला म्हणाल्या, "चांगलंच सांगतलं मी त्याईच्याबद्दल."

संध्याकाळी टिपणिसांनी कॅप्टनचा उड्डाणाचा परवाना काढून घेतला. पेट्रोलात पाणी नव्हतं, तेव्हा डावी टाकी रिकामी होती, आणि वैमानिक काटा पाहण्याऐवजी बायकांना हात करत होता. अहवाल असा जाणार होता. तो गेला की परवाना कायमचा गेला.

"दुसरं काय येतं तुम्हाला?" मी कॅप्टनना विचारलं. धीर द्यायचा होता, निघालं हे.

"काही नाही. सायकलचं पंक्चरसुद्धा काढता येत नाही मला."

*

पुढचे तीन दिवस कॅप्टन पट्टीच्या कडेला एका रिकाम्या ड्रमवर बसून होते. डोळे मिटायचे. उजवा हात पुढे न्यायचे, नसलेल्या तोटीवर ठेवायचे. मान खाली करून नसलेला काटा पाहायचे. मग पुन्हा.

"काही आठवलं?" मी विचारायचो.

"रोजचं आठवतं. त्या दिवशीचं आठवत नाही. तुम्ही काल दात घासलेत, तायडे?"

"घासले."

"आठवतं?"

मी आठवायला गेलो. ब्रश आठवला, तांब्या आठवला. कालचा की परवाचा, ते नाही.

"घासलेच असतील," मी म्हणालो.

"बघा."

आठव्या दिवशी सकाळी हळदणकरांचा ताप उतरला होता. गाल आत गेलेले. तंबूसमोर पेटी उघडून हत्यारं पुसत होते. मी चहा घेऊन गेलो. त्यांनी पेटीतून एक छोटी काचेची बाटली काढली, उजेडात धरली.

"ही तर इथंच होती. मग तुम्ही कशात काढलंत?"

"काय?"

"पाणी हो. जबाबात म्हणालात ना, मी काढलं. ताप होता तेव्हा ऐकलं, म्हटलं, शिकवलं असेल आमच्या जोडीदारानं. कशात काढलंत?"

"बादलीत."

ते हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"पंखाखाली बादली धरलीत? अर्धं पेट्रोल गेलं असेल, तायडे साहेब."

"पंखाखाली कशाला? विहिरीवर. पंप बंद होता. चाळीस बादल्या शेंदल्या माणसं लावून."

हळदणकर बाटली धरून तसेच राहिले.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. पावसाळी हवेत अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीतून पाणी साठतं. ते पेट्रोलच्या खाली तळाशी बसतं. म्हणून रोज सकाळी पंखाखालची एक खीळ दाबायची, बाटलीत धार घ्यायची, आधी पाणी येतं, मग नुसतं पेट्रोल येईपर्यंत घेत राहायचं. ह्याला म्हणतात पाणी काढणं.

तीन आठवडे मी त्यांना पंखाखाली बाटली धरून बसलेलं पाहत होतो. मला वाटायचं, पेट्रोलचा रंग बघतात.

"मी तुम्हाला विचारतच नव्हतो," हळदणकर म्हणाले. "मला वाटलं, पहिल्या गाडीनं जोडीदार आला. तापात आवाज सारखाच वाटला."

"मला वाटलंच. आज हे 'रे' का म्हणताहेत?"

"मग विचारायचं ना."

"काय विचारायचं? मला अरे-तुरे का करता?"

चहावर साय धरली होती. पट्टीच्या टोकाला ड्रम दिसत होता. कॅप्टन त्यावर नव्हते.

"अजून कोणाला माहितीय?"

"मलाच आत्ता कळलं."

"सही माझी आहे," ते म्हणाले. "न बघता केलेली."

"हो."

"परवाना मेकॅनिकलाही असतो, तायडे. माझा एकोणीस वर्षांचा आहे. दोन मुली शाळेत आहेत."

"कॅप्टनचा गेलाय."

"मला माहीत नाही काय ते?"

मी बोललो असतो तर काय बोललो असतो, ते अजूनही मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी बाटली फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटी बंद केली. शर्ट घातला. गुंड्या एक घर सोडून लागल्या.

"चला," ते म्हणाले.

*

विश्रामगृहात कॅप्टन आमच्या आधी होते. दाढी केलेली. कपाळावरची पट्टी काढलेली. टिपणिसांसमोर खुर्चीत असे बसले होते, जणू कुणाकडे जेवायला आलेत.

"बरं झालं आलात," टिपणीस मला म्हणाले. "संपलंच आता. कॅप्टननी लिहून दिलंय."

कागद टेबलावर होता, मराठीत, सुवाच्य अक्षरात. काटा शून्यावर होता. मी तो पाहिला नाही. मी खाली शेतातल्या स्त्रियांना हात करत होतो.

मी सांगितलं. मला वाटलं होतं, एका वाक्यात सांगून होईल.

"म्हणजे तुमचा जबाब खोटा होता?" टिपणीस.

"नाही."

"मग खरा होता?"

"खरा होता. पण दुसऱ्या पाण्याचा."

"आधी गढूळ आलं म्हणालात."

"विहिरीचं."

"बारीक भोकं?"

"फवाऱ्याची."

त्यांनी चष्मा काढला, टाइप केलेला जबाब जवळ धरून वाचला. "मी तर टाकीचं लिहिलंय," ते स्वतःशीच म्हणाले. "तुम्ही सही केलीत."

"पाणी लिहिलं होतं ना, साहेब."

हळदणकरांनी खिशातून आपल्या परवान्याचं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. कुणी मागितलं नव्हतं.

"मी टाकी बघितली नाही. न बघता सही केली. पाणी असणार."

"असणार, की होतं?" टिपणीस म्हणाले.

"ते आता मातीला विचारा."

कॅप्टन आमच्याकडे आळीपाळीनं पाहत होते.

"ठरवून आलात तुम्ही," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "मला वाचवायला. नको. काल दुपारी मला दिसला काटा. लाल रेघेच्या खाली. तुम्ही दिसताय तसा स्पष्ट."

"सात दिवस का नाही दिसला मग?" हळदणकरांनी विचारलं.

कॅप्टननी कपाळावरच्या जखमेला हात लावला.

टिपणिसांनी तो कागद उचलला. "कॅप्टन, पाणी असेल तर काटा कुठंही असू शकतो. मला कारण 'अनिश्चित' लिहावं लागेल. तुमचा परवाना परत मिळेल, हळदणकरांचा जाईल काही काळ. पण हा कागद माझ्याकडे राहिला तर मला तो धरावा लागेल. ठेवता, की परत घेता?"

"परत घ्या," हळदणकर म्हणाले.

कॅप्टन माझ्याकडे वळले.

"काल मी झोपलो, तायडे. ह्या सगळ्यानंतर पहिल्यांदा. दोषी का असेना, पण मला माहीत होतं काय झालं ते."

"घ्या परत, कॅप्टन."

त्यांनी कागद घेतला. चार घड्या घातल्या. खिशात ठेवायला गेले, खिसाच सापडेना, मग मुठीतच धरला. चेहऱ्यावरचं ते जेवायला आल्यासारखं काहीतरी निघून गेलं होतं.

"मग काटा कुठं होता?" त्यांनी विचारलं.

टिपणिसांना नाही, हळदणकरांना नाही. मला. मी त्या खोलीतला एकटाच माणूस होतो ज्याला विमानातलं काही कळत नव्हतं.

"अर्ध्याच्या जरा खाली," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिला?"

"औषध भरताना पंखावर चढलो होतो ना. तेव्हा डोकावलो."

"पाहिला होता?"

"पाहिला होता."

टाइपरायटर थांबलेला होता. टिपणिसांनी हे लिहून घेतलं नाही. हळदणकर खिडकीबाहेर बघत होते. कॅप्टननी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांनी मान हलवली.

पुढच्या हंगामात ते गुजरातेत उडायला लागले, ते थेट केस पिकेपर्यंत उडत होते. हळदणकर दीड वर्ष परवान्याशिवाय बसले. त्या दीड वर्षात त्यांनी मला काट्याबद्दल एकदाही विचारलं नाही, आणि नंतरही नाही. त्या तीन आठवड्यांत मी रोज पंखावर चढत होतो. आत मी एकदाही डोकावलो नव्हतो.